चोवीस काड्या, मूठभर अळीव

चिऊ,

यंदा कंदील विकत आणायचा नाही, किल्ला पोरांकडून करून घ्यायचा, भाऊबीजेच्या भेटीही घरच्याच, असं तू ठरवलंयस म्हणे. ऐकून बरं वाटलं आणि थोडी तुझी कीवही आली. कारण चार वर्षांच्या माणसाच्या हातात खळीची वाटी दिली की काय होतं, ते तुझ्या आईला विचार. तू चार वर्षांची असताना पडद्याला लावलेली खळ तिनेच धुतली होती.

एवढं धरून चाल की पोरांची दिवाळी वसुबारसेला सुरू होत नाही, चिखलात हात गेला की सुरू होते. म्हणून वस्तू कशी झाली याची काळजी थोडी कमी कर आणि ती करायला पोरांना किती दिवस मिळाले याची जास्त. बाकी नंबर घालून लिहिते. यादीशिवाय तुझं पान हलत नाही हे मला ठाऊक आहे.

आधी दिवसांचा हिशेब

१. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण वीस दिवस हातात असतात, ते आपट्याची पानं वाटतानाच वाटून टाक – शेवटच्या तीन दिवसांत फराळ, झाडलोट आणि पाहुणे आले की कात्री कुठे गेली हे शोधायलाही कुणी मोकळं नसतं.

२. थोरलीची सहामाही संपेपर्यंत फक्त सामान जमव, कामाला हात लावू नकोस – अर्धा कंदील समोर ठेवून अभ्यासाला बसवलेलं मूल अभ्यासही अर्धाच करतं.

३. एक मोठं खोकं आजच बाजूला काढ आणि त्यात लग्नपत्रिका, सुतळी, बरण्यांची झाकणं, मिठाईचे रिकामे डबे टाकत जा – लग्नपत्रिकेइतका जाड आणि गुळगुळीत कागद दुकानात पैसे देऊन मिळतो, घरात तो रद्दीत जातो.

४. एका दिवशी एकच काम, आणि धाकट्याचं काम वीस मिनिटांत संपेल एवढंच – हात दमायच्या आत हात धुवावेत, म्हणजे उद्या ते पुन्हा यायला तयार असतात.

५. कात्री आणि ब्रश दोघांना वेगळे दे, बोथट टोकाची कात्री का होईना – भावंडांची भांडणं कलेवरून होत नाहीत, कात्रीवरून होतात.

कंदील

६. बांबूच्या काड्या घे, सगळ्या एका मापाच्या, वीतभर लांब, मोजून चोवीस. आणि हातात देण्याआधी प्रत्येकीवरून पॉलिश पेपर फिरव – बांबूची कुसळं बोटात गेली की त्या दिवसाचा कंदील तिथेच संपतो.

७. चार काड्यांचा चौकोन बांध आणि त्याच्या प्रत्येक बाजूवर दोन-दोन काड्यांचा त्रिकोण उभा कर. बारा काड्यांचा मुकुट तयार होईल. असे दोन मुकुट करून त्यांची चार टोकं एकमेकांना बांधलीस की आपला पारंपरिक कंदील झाला – एक मुकुट तू आणि थोरलीने करायचा, दुसरा जावईबापूंनी आणि धाकट्याने, म्हणजे कुणी नुसतं बघत बसत नाही.

८. कोपरे सुती दोऱ्याने बांध, रबरबँडने नको – रबर दोन-चार दिवसांत सैलावतं आणि पाडव्याला कंदील मान टाकतो.

९. कागद लावायचा तो बाजूच्या चार चौकोनांना आणि आठ त्रिकोणांना. वरचा आणि खालचा चौकोन उघडे ठेव – वरून दिव्याची ऊब निघून जाते आणि खालून बल्ब बदलायला हात जातो.

१०. खळ करताना दोन चमचे मैदा आधी कपभर गार पाण्यात कालव, मगच मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळ – गरम पाण्यात पीठ टाकणाऱ्याला गुठळ्या मोजत बसावं लागतं.

११. पूर्वी खळीत मोरचूद घालत, झुरळांनी कागद खाऊ नये म्हणून. तू घालू नकोस, लागेल तेवढी ताजी खळ रोज कर – मोरचूद विषारी असतं आणि तुझा धाकटा अजून प्रत्येक गोष्टीची चव बघतो.

१२. पतंगाचा कागद मापापेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठा काप आणि काडीवरून आत मुडप – नेमक्या मापाचा कागद नेमक्या वेळी सुटतो.

१३. कडांवर सोनेरी पट्टी आणि कागदाच्या करंज्या चिकटव – शोभा तर येतेच, शिवाय कुठल्या बापाने कुठला कोपरा वाकडा बांधला ते झाकलं जातं.

१४. झिरमिळ्या पूर्णपणे पोरांवर सोड, लांड्या-लांब झाल्या तरी हात लावू नकोस – वारा सुटला की कुणालाच माप दिसत नाही, आणि ‘आई, माझी नीट केलीस ना तू?’ असं विचारणाऱ्या पोराला उत्तर देणं अवघड असतं.

१५. आत एलईडीचा बल्ब लाव, जुना तारेचा पिवळा बल्ब नको, आणि वायरचं काम मोठ्यांनीच करायचं – तारेचा बल्ब तापतो आणि पातळ कागद त्याच्या जवळ करपतो.

१६. बल्ब खाली जमिनीवर एकदा लावून बघ, मगच कंदील टांग – स्टुलावर एकदा चढलेला नवरा आनंदात असतो, तिसऱ्यांदा चढलेला नसतो.

१७. तुळशीच्या लग्नानंतर कागद फाडून टाक आणि सांगाडा पिशवीत घालून माळ्यावर ठेव – पुढच्या वर्षी फक्त खळ आणि कागद लागेल.

किल्ला

इथे जरा जास्त लिहिते. कंदील कुणीही विकत आणू शकतं, पण किल्ल्याला चिखलात बसावंच लागतं. तयार प्लास्टर ऑफ पॅरिसचे किल्ले मिळतात हल्ली. दिसायला सुबक असतात, पण त्यात पोरांना करायला काही उरत नाही. मला ते पटत नाहीत, आणि तुलाही पटू नयेत अशी इच्छा आहे.

१८. जागा आधी ठरव: फाटकापासून लांब, पागोळीच्या खाली नको, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना एक शब्द विचारून – परवानगीचा दगड पायात घातला की बुरूज ढळत नाही.

१९. ‘किल्ला करू या’ असं मोघम म्हणू नकोस, एक खरा गड निवड – खरा गड असला की पोरं प्रश्न विचारतात, आणि तुम्हा दोघांनाही रात्री पुस्तक उघडावं लागतं.

२०. थोरलीला राजगड दे: मध्ये उंच बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या – आकार असा ठसठशीत आहे की बघणारा लांबूनच ओळखतो, आणि तिची मान ताठ होते.

२१. धाकट्याला सिंधुदुर्ग दे: परातीत पाणी, मध्ये मातीचं बेट, त्यावर नागमोडी तटबंदी, कडेने कागदाच्या होड्या – त्याला पाण्यात खेळायचंच असतं, तर ते महाराजांच्या आरमाराच्या नावाने खेळू दे.

२२. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यांची यादी स्वयंपाकघरात लावून ठेव – दर दिवाळीला एक घेतलास तर बारा वर्षं विषय शोधावा लागत नाही, तोवर धाकट्याला मिसरूड फुटेल.

२३. आतला गाभा विटा, दगड आणि पालथ्या डब्यांचा कर, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट पांघर आणि मग मातीचा लेप दे – नुसत्या मातीचा डोंगर एक तर खचतो, नाही तर वाळून त्याला भेगा पडतात.

२४. माती पोरांच्या हाती जायच्या आधी तू स्वतः चाळून घे – कुंडीच्या आणि अंगणाच्या मातीत काचेचा एखादा तुकडा असतोच.

२५. लाल मातीत बारीक चिरलेलं वाळकं गवत मिसळ – लेप धरून राहतो आणि तट तडकत नाही.

२६. उतारावर अळीव पेर, सपाट माचीवर मोहरी – अळीव भिजलं की बुळबुळीत होऊन आहे तिथेच चिकटतं, मोहरी मात्र गडगडत पायथ्याला जाते.

२७. पेरणी धनत्रयोदशीच्या पाच-सहा दिवस आधी कर. त्याहून लवकर नको आणि उशिरा तर मुळीच नको – लवकर पेरलेलं ऐन दिवाळीत पिवळं पडून आडवं होतं, उशिरा पेरलेलं भाऊबीजेला उगवतं.

२८. बी मातीत पुरू नकोस, ओल्या लेपावर नुसतं भुरभुर. पाणी तांब्याने ओतू नकोस, फवाऱ्याने मार – ओतलेलं पाणी बी घेऊन खाली उतरतं आणि डोंगर बोडका राहून सगळी शेती खंदकात होते.

२९. फवारा मारायचं काम सकाळी धाकट्याचं, संध्याकाळी थोरलीचं, हे ठरवून दे – दोघांनी एकाच वेळी पाणी घातलं की गडावर पूर येतो.

३०. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसासाठी जवळच प्लास्टिकचा कागद आणि चार विटा ठेव – ढग बघून कागद शोधायला जाणाऱ्याचा गड वाहून जातो.

३१. महाराज सर्वांत शेवटी, सगळा गड सजल्यावर, पोरांच्याच हातून सिंहासनावर बसव – त्यांच्या दृष्टीने तो क्षण राज्याभिषेकाचाच असतो, तेव्हा कढईखालचा गॅस बंद करून तूही बाहेर ये.

३२. मावळे मोजून ठेव आणि मोजूनच डब्यात भर, मोडलेल्याला फेविकॉल लाव – मातीची चित्रं जपली तर तुझ्या नातवंडांच्या गडावरही पहारा देतात.

३३. धाकटा बालेकिल्ल्यावर हेलिकॉप्टर ठेवणार, वाघाशेजारी डायनासोर उभा करणार. ठेवू दे – महाराजांनी हरकत घेतल्याचं कुठे नमूद नाही.

३४. पणत्या पायथ्याला ठेव, वाळक्या गवताच्या आणि कापसाच्या ढगांच्या जवळ नको – गड सर करायला एक ठिणगी पुरते.

३५. तुझा भाऊ तिकडे न्यू जर्सीत फ्लॅटमध्ये राहतो ना, त्याला सांग की ट्रेमध्येही गड होतो आणि तिकडच्या दुकानात ‘गार्डन क्रेस’ म्हणून मिळतं ते आपलं अळीवच. फक्त ट्रे घरात खिडकीशी ठेव म्हणावं – तिकडे दिवाळीत थंडी असते आणि बाहेर बी रुसून बसतं.

पणत्या, रांगोळी, ठसे

३६. मातीच्या पणत्या रात्रभर पाण्यात बुडव आणि उन्हात खडखडीत वाळव – कोरी पणती तेल पिते, आणि भिजवून वाळवलेल्या पणतीवरची धूळ निघाल्याने रंगही धरतो.

३७. रंग फक्त बाहेरून, वातीच्या चोचीपाशी कोरी जागा सोडून. गेरूवर पांढरे ठिपके दिले तरी पुष्कळ – काठावरचा रंग ज्योतीशी आला की धूर होतो.

३८. बॅटरीच्या पणत्या आणल्यास तर त्यांचं झाकण स्क्रूने बंद होतं का ते बघूनच आण, आणि सुटे चपटे सेल पोरांच्या हाताला लागू देऊ नकोस. यात मी मुळीच थट्टा करत नाही – गिळलेला बटन सेल थोड्या तासांत अन्ननलिका भाजतो, तशी शंका जरी आली तरी सरळ हॉस्पिटल गाठायचं.

३९. खरी पणती लावायची ती ताटलीत, पडद्यापासून आणि झिरमिळ्यांपासून हातभर लांब. ओढणी आणि नायलॉनचे घोळदार फ्रॉक त्या वेळी नकोत – सुती कपडा जरा कमी झगमगतो, पण वितळून अंगाला चिकटत नाही.

४०. रांगोळीत दोघांना खडूने आखून स्वतःचा चौकोन दे – जागा नसलेलं मूल तुझ्या ठिपक्यांवरून चालत जातं.

४१. भेटकार्डांसाठी देठाकडून भेंडी काप आणि रंगात बुडवून ठसे मार – पाच पाकळ्यांचं फूल उमटतं, आणि धाकट्याला ‘मला चित्र येत नाही’ म्हणायची वेळ येत नाही.

फराळ आणि भेटी

४२. पोरांना शंकरपाळे कापायला दे, कातण्याने. चकलीचा सोऱ्या आणि कढई तुझ्याकडे – गार पिठाशी कितीही खेळता येतं, गरम तेलाशी एकदाही नाही.

४३. चिवडा पूर्ण गार झाल्याशिवाय बरणीत भरू नकोस, कितीही घाई असो – आतल्या वाफेने संध्याकाळपर्यंत पोहे मऊ पडतात, मग त्यावर कितीही सुंदर रिबीन बांध.

४४. न्यू जर्सीला पाठवायचं तर शंकरपाळे, कडक चकली आणि सुक्या खोबऱ्याचं सारण घातलेल्या करंज्याच पाठव – ओला नारळ आणि विमान यांचं जमत नाही.

४५. उटण्याच्या पुरचुंड्या पोरांकडून बांधून घे: मसुराचं पीठ, हळद, नागरमोथा, वाळा, कचोरा, वाळलेल्या गुलाबाच्या पाकळ्या. लहानग्यांना लावण्याआधी आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघ – नरकचतुर्दशीच्या पहाटे पुरळ उठलेलं मूल अख्ख्या घराला उठवतं.

४६. रखवालदार, कचरा नेणारे काका, कामाच्या ताई यांना पोरांनी केलेलं कार्ड पोरांच्याच हातून दे, पण बोनस त्याआधी आणि पूर्ण दे – पाकीट जड असेल तरच त्यावरचं चित्र गोड लागतं.

४७. सगळ्यात छान भेट तुला सांगू? हस्तलिखित दिवाळी अंक. चार कोरे कागद एकात एक ठेवून दुमडले आणि मधोमध जाड दोऱ्याने शिवले की सोळा पानं होतात – आजोबांना स्वेटर चार आहेत, नातीने संपादन केलेला अंक एकही नाही.

४८. अंकात आजीची एक पाककृती, बाबांचा एक फजितीचा किस्सा, धाकट्याचं चित्र आणि एक कोडं एवढं पुरे. शुद्धलेखन सुधारू नकोस – १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून संपादकाचा शब्द शेवटचा असतो, आणि इथे संपादक सात वर्षांची आहे.

४९. भाऊबीजेला भाऊ बहिणीला काय घालणार हे त्याला स्वतःला ठरवू दे, मग तो शंख असो की अर्धा खोडरबर. बहिणीला मात्र आधी कानात सांग की हसायचं नाही – ओवाळणी ताटात पडताना हसलेली बहीण पुढच्या वर्षीपर्यंत लक्षात राहते.

रीती, जुन्या आणि तुमच्या

५०. नरकचतुर्दशीला कारीट मिळालं तर पोरांना स्वतःच्या डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडू दे. बाजारात नाही मिळालं तर गाव पालथं घालू नकोस – फट् असा आवाज हवा असतो त्यांना, त्यासाठी तू शहरभर फिरावंस असं शास्त्र नाही.

५१. तुझं सासर म्हापशाचं, तेव्हा त्यांच्याकडची पहाटही पोरांना दाखव: सूर्योदयाआधी जाळायचा नरकासुर आणि नंतर निरनिराळ्या चवींचे फोव, म्हणजे पोहे. घरी बुटांच्या खोक्याचा आणि गवताचा हातभर नरकासुर करा, पण त्याच्या पोटात फटाके भरायचे नाहीत – दोन्ही घरच्या रीती बघितलेलं पोर कुठल्याच घरी परकं होत नाही.

५२. फुलबाजी विझली की तार लगेच पाण्याच्या बादलीत, हा नियम लहान-मोठे सगळ्यांना सारखा – तार काळी दिसते तरी बराच वेळ तापलेली असते, आणि दिवाळीत पोरं अनवाणीच पळतात.

५३. प्रत्येक पोराला एक काम कायमचं नेमून दे: वसुबारसेची गोपद्मं थोरलीची, लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्तासे वाटणं धाकट्याचं – नेमलेलं काम मोठी माणसं विसरतात, पोरं नाही.

५४. नवीन रीत वर्षाला एकच सुरू कर – पोरं एकदा झालेल्या गोष्टीला ‘आपल्याकडे दर वर्षी असतं’ म्हणतात, आणि तुला ते सगळं पुढे निभवायचं आहे.

एवढ्यातलं सगळं होणार नाही. वेळ कमी पडला तर रांगोळी सोड, ठसे सोड, भेटकार्डंही सोड, किल्ला मात्र सोडू नकोस. चकलीच्या भाजणीचं तू बघू नकोस. वसुबारसेच्या आधी मी येतेय, दळून घेऊनच येते.

– मावशी